थोड्या खर्चात सकस मटण : उस्मानाबादी शेळीच्या मुलखातील हिशेब

धाराशिव जिल्ह्याच्या वाशी तालुक्यातील तेरखेडा हे गाव सोलापूर-धुळे राष्ट्रीय महामार्गावर वसलेले आहे. शोभेची दारू व फटाके तयार करण्याच्या जुन्या धंद्यामुळे त्याचे नाव मराठवाड्यात सर्वत्र ठाऊक आहे. तेरणा नदीचा उगमही याच परिसरातला. बालाघाटाच्या पठारावरील हा मुलूख पर्जन्यछायेचा व हलक्या जमिनीचा असून ज्वारी, तूर, हरभरा व सोयाबीन ही येथील पिके आहेत. पिकाचा भरवसा नसला की शेतकरी व शेतमजूर यांचा संसार ज्या जनावरावर तरतो, ते जनावर म्हणजे शेळी होय. जिल्ह्याचे नाव २०२३ साली धाराशिव झाले. तथापि या मुलखाच्या काळ्या, काटक शेळीची जात मात्र देशभर ‘उस्मानाबादी’ याच नावाने ओळखली जाते.

असे असूनही एक विसंगती कोणाच्याही नजरेत भरण्यासारखी आहे. ज्या घरी शेळी पाळली जाते, त्याच घरी मटण क्वचित शिजते. दाराशी वाढलेला बोकड औषधपाण्यासाठी, मुलांच्या शिक्षणासाठी अथवा बी-बियाण्यासाठी विकावा लागतो आणि तो महामार्गाने शहरात जातो. मागे राहणाऱ्या कुटुंबाला सणावारी पाव-अर्धा किलो मटण विकत घेतानाही हिशेब करावा लागतो. थोड्या पैशांत चांगले, निरोगी व पौष्टिक मटण कसे मिळवावे हा प्रश्न म्हणूनच केवळ जिभेच्या चोचल्यांचा नाही. तो आरोग्याचा आहे आणि काही अंशी गावाच्या कारभाराचाही आहे.

आरोग्याचा संबंध

२०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. पाच वर्षांखालील बालकांत हे प्रमाण सुमारे ६९ टक्के होते. रक्तक्षयाची कारणे अनेक असली तरी आहारातील लोहाची कमतरता हे त्यांतील प्रमुख कारण आहे. बाजरी, पालेभाज्या व कडधान्ये यांत लोह असते. परंतु ते शरीरात शोषले जाण्याचे प्रमाण कमी असते. मांसातील लोह अधिक सहजपणे शोषले जाते, इतकेच नव्हे तर मांसाबरोबर खाल्लेल्या भाजी-भाकरीतील लोहाचाही शरीराला अधिक लाभ होतो. ‘ब-१२’ हे रक्तवाढीस आवश्यक असलेले जीवनसत्त्वही दूध, अंडी, मासे व मांस यांतूनच मुख्यत्वे मिळते.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद व हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० साली दिलेल्या शिफारशीनुसार ६५ किलो वजनाच्या पुरुषाला दररोज सुमारे ५४ ग्रॅम, तर ५५ किलो वजनाच्या स्त्रीला सुमारे ४६ ग्रॅम प्रथिने मिळावयास हवीत. यांतील मोठा भाग भाकरी, डाळ व दूध यांतून येऊ शकतो. तेव्हा मटण हे रोजच्या जेवणाचा आधार व्हावे असे कोणी म्हणणार नाही. जे कुटुंब मांसाहार करते, त्याने आठवड्या-पंधरवड्याला खर्च केलेल्या पैशांचे पूर्ण मोल त्याला मिळावे, एवढीच अपेक्षा आहे.

भाव का चढतो ?

उस्मानाबादी शेळीचे गुण मोठे आहेत. कडक ऊन, अपुरा चारा व बाभळी-बोरीचा पाला यांवर ती तग धरते. पूर्ण वाढलेल्या शेळीचे वजन सुमारे ३२ किलो, तर बोकडाचे ३४ किलोच्या आसपास भरते. पाच महिन्यांच्या गाभणकाळानंतर ती बहुधा जुळी करडे देते आणि व्यवस्था चांगली असेल तर दोन वर्षांत तीन वेते होतात. मात्र निव्वळ चराईवर वाढणाऱ्या करडाला वीस किलोच्या घरात जाण्यास वर्षभराचा अवधी लागतो. कोंबडीची गोष्ट वेगळी आहे. ब्रॉयलर जातीचा पक्षी सुमारे सहा आठवड्यांत दोन किलोपर्यंत वाढतो आणि एक किलो वजनासाठी त्याला दोन किलोहूनही कमी खाद्य लागते. चिकन स्वस्त व मटण महाग असण्याचे मूळ कारण हेच होय.

गायराने व पडीक जमिनी कमी होत गेल्या, चराई अवघड झाली आणि शहरांतील मागणी मात्र वाढत राहिली. महामार्गालगतच्या गावात शहराचा भाव पोचायला वेळ लागत नाही. १९७६ च्या महाराष्ट्र पशु संरक्षण अधिनियमात झालेली सुधारणा २०१५ साली अमलात आल्यानंतर गाईबरोबरच बैल व वळू यांच्या कत्तलीवरही राज्यात बंदी आली. त्यामुळे मांसाची गरज मुख्यतः शेळ्या-मेंढ्या, कोंबड्या व मासे यांवर आणि नियमानुसार दाखला मिळालेल्या म्हशींवर येऊन ठेपली आहे. दरावरून असंतोषही प्रकट झाला आहे. २०१९ च्या अखेरीस कोल्हापूर शहर व परिसरात मटणाच्या वाढत्या दराविरुद्ध ग्राहकांनी आवाज उठविला आणि हा प्रश्न विक्रेते, ग्राहक व प्रशासन यांच्या चर्चेचा विषय झाला.

वर्षाच्या चक्राचाही भावावर परिणाम होतो. आखाडात, धुळवडीला, बकरी ईदच्या आधी व वर्षअखेरीस मागणी एकदम वाढते. श्रावणात ती ओसरते. आठवड्यातही रविवार, बुधवार व शुक्रवार या वारांना गर्दी असते. ज्या कुटुंबांना वारांचे बंधन नाही, त्यांना गर्दीचा दिवस टाळून खरेदी केल्यास निवडीला वाव मिळतो आणि घाईत हाडे-चरबी पदरी पडत नाही.

दर आणि मोल यांतील फरक

किलोचा दर कमी म्हणजे माल स्वस्त, असा सर्वसाधारण समज आहे. तो नेहमीच खरा ठरत नाही. खरेदी करताना विचार करावयाचा तो हातात पडणाऱ्या खाण्याजोग्या भागाचा. हे एका हिशेबावरून स्पष्ट होईल. पुढील दर केवळ समजण्यासाठी गृहीत धरलेले असून प्रत्येकाने आपल्या बाजारातील दर त्यांच्या जागी मांडावेत.

मटणाचा दर ८०० रुपये किलो आहे असे धरू. त्यात सुमारे चौथा हिस्सा हाडांचा. उरलेल्या ७५० ग्रॅम मांसात साधारण १५० ग्रॅम प्रथिने असतात. म्हणजे दहा ग्रॅम प्रथिनांसाठी सुमारे ५३ रुपये पडले. त्याच दराने काळीज घेतले तर त्यात हाड नसल्याने किलोमागे सुमारे २०० ग्रॅम प्रथिने मिळतात व दहा ग्रॅमला ४० रुपये पडतात. लोह व ‘अ’ जीवनसत्त्व यांचा लाभ वेगळाच. साफ केलेले चिकन २४० रुपये किलो असेल तर हाडे वजा जाता किलोमागे सुमारे १४० ग्रॅम, म्हणजे दहा ग्रॅमला सुमारे १७ रुपये. अंडे सात रुपयांना असेल तर त्यातील सहा ग्रॅम प्रथिनांच्या हिशेबाने दहा ग्रॅमला सुमारे १२ रुपये. आणि हरभऱ्याची डाळ १०० रुपये किलो असेल तर दहा ग्रॅमला अवघे पाच रुपये.

या हिशेबातून दोन गोष्टी दिसून येतात. पहिली अशी की, प्रथिनांसाठी मटणावर विसंबणे गरीब कुटुंबाला परवडणारे नाही. ती गरज डाळ व अंडी यांनी भागवावी. दुसरी अशी की, मटण घ्यावयाचेच तर त्यातून लोह व इतर दुर्मीळ घटक जास्तीत जास्त मिळतील असे भाग घ्यावेत. काळीज, गुर्दा, हृदय व वजडी हे भाग पुष्कळ ठिकाणी फोडींपेक्षा कमी दराने मिळतात अथवा मुख्य मटणात मिसळून दिले जातात. त्यांना कमी प्रतीचे मानण्याचे कारण नाही. गरोदर स्त्रीने मात्र काळीज वरचेवर व अतिरिक्त प्रमाणात खाऊ नये, कारण त्यातील ‘अ’ जीवनसत्त्वाचे प्रमाण फार मोठे असते.

चिकन घेतानाही दर जिवंत वजनाचा आहे की साफ केलेल्या मालाचा, हे आधी विचारून घ्यावे. जिवंत कोंबडी १५० रुपये किलो असेल तर दोन किलोच्या कोंबडीचे ३०० रुपये होतात. पिसे, डोके, पाय व आतडी गेल्यावर सुमारे १,४०० ग्रॅम माल हाती येतो. म्हणजे प्रत्यक्षात किलोमागे २१४ रुपये पडले. दोन दुकानांच्या पाट्यांवरील आकड्यांची तुलना हा हिशेब करूनच करावी.

वाट्याची पद्धत

मर्यादित पैशांत चांगले मटण मिळविण्याचा एक मार्ग मराठवाड्यातील खेड्यांना पूर्वापार ठाऊक आहे. दहा-पंधरा घरांनी मिळून एक बोकड विकत घ्यावयाचा, तो जाणत्या माणसाकडून कापून घ्यावयाचा आणि मटणाचे सारखे वाटे घालावयाचे, ही ती पद्धत. प्रत्येक वाट्यात पुठ्ठा, बरगडी, मान, काळीज व वजडी यांचा थोडाथोडा अंश येतो. कोणाला निव्वळ फोडी आणि कोणाला निव्वळ हाडे, असा भेद राहत नाही. ज्याला पूर्ण वाटा पेलत नाही, तो अर्धा घेतो. मजुरीचे पैसे आठवड्याला मिळत असतील तर तेव्हा देण्याची मुभाही पुष्कळदा असते.

या पद्धतीचा हिशेबही पाहण्याजोगा आहे. जिवंत वजनाचा दर ३५० रुपये किलो धरला तर वीस किलोच्या बोकडाला ७,००० रुपये पडतात. कापण्याची मजुरी ३०० रुपये धरू. शेळीच्या जिवंत वजनाच्या साधारण ४५ ते ५० टक्के मटण मिळते. तेव्हा या बोकडाचे सुमारे साडेनऊ किलो भरेल. याशिवाय काळीज, गुर्दा, फुप्फुस, हृदय व साफ केलेली वजडी मिळून दोन किलोच्या आसपास. मुंडी व पाय एखाद्या घराने ५०० रुपयांना घेतले तर उरलेल्या ६,८०० रुपयांचे पंधरा वाटे प्रत्येकी सुमारे ४५३ रुपयांचे होतात. एका वाट्यात सुमारे ६३० ग्रॅम मटण व वर सव्वाशे ग्रॅमहून अधिक काळीज-वजडी येते. दुकानात ८०० रुपये दराने नुसत्या ६३० ग्रॅम मटणालाच ५०४ रुपये मोजावे लागतील.

ही बचत फार मोठी नाही हे कबूल करावयास हवे. बोकड महाग पडला किंवा त्याचे वजन अंदाजापेक्षा कमी भरले तर ती नाहीशीही होईल. वाट्याचा खरा फायदा खात्रीचा आहे. जनावर कोणाच्या दारचे, किती महिन्यांचे, आजारी होते की धडधाकट, हे घेणाऱ्या प्रत्येकाने पाहिलेले असते. बोकड गावातील शेळीपालक बाईकडून थेट घेतला तर दलालीचा पैसाही गावातच राहतो.

यासाठी वजनाची सवय मात्र लावून घेतली पाहिजे. आठवडी बाजारात अजूनही बहुतेक व्यवहार नगावर, म्हणजे बोकड उचलून व पाठीवर हात फिरवून केलेल्या अंदाजाने होतात. या अंदाजात व्यापारी तरबेज असतो, तर वर्षातून दोन-तीन बोकड विकणारी बाई कच्ची ठरते. ग्रामपंचायतीने किंवा महिला बचत गटाने एक मुद्रांकित टांगता काटा ठेवला तर विकणारा व घेणारा दोघांचेही हित साधेल. हा काटा वैधमापन शास्त्र यंत्रणेकडून वेळोवेळी तपासून घ्यावा.

जनावराची आणि मटणाची पारख

निरोगी जनावराची लक्षणे कठीण नाहीत. डोळे तेजस्वी, नाकपुडी ओलसर पण न वाहणारी, शेपटीखालचा भाग स्वच्छ, चाल सरळ व रवंथ चालू असावे. खोकणारे, हगवण लागलेले, तोंडात फोड आलेले किंवा कळपापासून दूर उभे राहणारे जनावर घेऊ नये. नुकतेच औषधाचे इंजेक्शन दिलेले जनावर काही दिवस कापू नये; किती दिवस थांबावे हे पशुधन विकास अधिकाऱ्यास विचारावे.

वय दातांवरून कळते. साधारण वर्षापर्यंत सर्व दात दुधाचे असतात. त्यानंतर पुढचे दोन दात पडून कायमचे मोठे दात येतात व दुसऱ्या वर्षाच्या सुमारास ते चार होतात. दुधाच्या अथवा दोन दातांच्या बोकडाचे मटण कोवळे व लवकर शिजणारे असते. थोराड जनावराचे मटण चिवट असले तरी निकृष्ट नसते. दर कमी असेल तर ते घेऊन मंद आचेवर अधिक वेळ शिजवावे अथवा कच्च्या पपईचा गर लावून ठेवावा. गाभण शेळी मात्र कधीही कापू नये. कत्तलखान्यांसंबंधीच्या २००१ च्या केंद्रीय नियमांनी गाभण जनावर, तीन महिन्यांखालील पिल्लू असलेली मादी आणि तीन महिन्यांखालील करडू यांच्या कत्तलीस मनाई केली आहे. अवर्षणाच्या वर्षी चाऱ्याअभावी माद्या स्वस्तात विकल्या जातात. त्या दिवशीचे मटण स्वस्त वाटते, पण पुढील वर्षांची करडे त्याबरोबर जातात.

दुकानातून घेताना मटणाचा रंग गुलाबी-लाल, चरबी पांढरी व घट्ट, वास सौम्य आणि पृष्ठभाग किंचित कोरडा असावा. बोटाने दाबल्यावर खळगा लगेच भरून यावा. चिकटपणा, हिरवट छटा व आंबूस वास ही मटण शिळे असल्याची लक्षणे होत. शेळीच्या नावाखाली मेंढीचे मटण दिले जाऊ नये म्हणून टांगलेल्या धडाला शेपटी राखण्याची चाल आहे. ग्राहकाने ती पाहून घ्यावी. आधी तोडून ठेवलेल्या ढिगापेक्षा टांगलेल्या धडातून समोर तोडून घेतलेले मटण केव्हाही बरे. खिमाही समोरच करून घ्यावा.

उन्हाळ्यात मटण दोन तासांहून अधिक काळ उघड्यावर ठेवू नये. फ्रीज नसलेल्या घरी जेवढे त्याच दिवशी संपेल तेवढेच घ्यावे. कच्चे मटण व कोंबडी हाताळल्यावर हात, विळी व पाट साबणाने धुवावेत. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे व जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंबा येथे पक्ष्यांतील बर्ड फ्ल्यूचा प्रादुर्भाव आढळला, तेव्हा पुष्कळांनी चिकन खाणेच सोडले होते. नीट शिजविल्यास, म्हणजे आतपर्यंत ७० अंश सेल्सियसहून अधिक उष्णता पोचल्यास, हा विषाणू टिकत नाही. आजारी वा मेलेला पक्षी मात्र हाताळूही नये.

मेलेले जनावर आणि फुकटचे मटण

स्वस्ताईच्या मोहातील सर्वांत धोक्याची गोष्ट म्हणजे आपोआप मेलेल्या जनावराचे मटण. एकाएकी मेलेली शेळी काळपुळी म्हणजेच अँथ्रॅक्स या रोगाने मेलेली असू शकते. तिच्या कातड्याला, रक्ताला अथवा मांसाला हात लावणाऱ्या माणसालाही हा रोग होतो व तो प्राणघातक ठरू शकतो. असे जनावर फाडले की रोगाचे बीज मातीत मिसळते व वर्षानुवर्षे तेथे टिकून राहते. म्हणून त्याला सुरी न लावता पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे व त्यांच्या सल्ल्याने चुन्यासह खोल पुरावे.

दुसरा धोका कमी ठाऊक आहे. कापलेल्या जनावराच्या काळजात किंवा फुप्फुसात कधी पाण्याने भरलेल्या पांढऱ्या गाठी आढळतात. कुत्र्याच्या पोटातील एका फीतकृमीची ही अवस्था असते. गाठी असलेला भाग कुत्र्यांपुढे टाकला की कृमी कुत्र्यात वाढतो, त्याची अंडी विष्ठेतून माती-पाण्यात जातात आणि शेवटी मुलांच्या हातावाटे पोटात जाऊन माणसाच्या यकृतातही तशाच गाठी धरतात. असा भाग कुत्र्यास न घालता जाळावा किंवा खोल पुरावा. एवढ्या एका सवयीने हे चक्र तुटते.

ताटातील वाटणी

बाजारातून आणलेले मटण घरात कसे वाटले जाते, यालाही तितकेच महत्त्व आहे. कमावत्या पुरुषाच्या व पाहुण्याच्या ताटात फोडी आणि घरच्या स्त्रीच्या वाट्याला शेवटचा रस्सा, अशी रीत पुष्कळ घरांतून आहे. लहान मुलालाही ‘चावता येत नाही’ म्हणून रश्शात भाकरी कुस्करून दिली जाते. रस्सा चविष्ट असतो. परंतु प्रथिने व लोह यांचा बहुतेक भाग फोडीतच राहतो. पायाच्या सुपाबद्दलही असाच गैरसमज आहे. ज्यांच्यात रक्तक्षयाचे प्रमाण सर्वाधिक, त्या स्त्रिया व मुले यांच्या ताटात पोषणाचा सर्वांत कमी वाटा जावा, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे. लहानग्यांसाठी काळजाचा किंवा मऊ शिजविलेल्या फोडीचा बारीक चुरा करून भातात कालवावा. जेवणात लिंबू पिळल्यास लोह अधिक शोषले जाते. जेवणानंतर लगेच चहा घेतल्यास ते कमी शोषले जाते.

थोडे मटण अधिक ताटांत पुरवून वाढण्याची कला या मुलखाच्या स्वयंपाकात आहेच. भाजलेली धान्ये, डाळी व मसाले दळून केलेला येसूर रश्शाला दाटपणा देतो. हरभऱ्याची डाळ व मटण एकत्र शिजवून केलेला डालचा मराठवाड्यातील मुसलमान कुटुंबांत परंपरेने होतो. अर्धा किलो मटणात पाव किलो डाळ घातली तर प्रथिनांत सुमारे ५० ग्रॅमची भर पडते आणि खर्च फारसा वाढत नाही. आठवड्यातून दोनदा अंडी आणि बाजारात मिळणारी सुकट वा सुके बोंबील, ही जोडही उपयोगी पडणारी आहे.

ग्रामपंचायतीचे काम

१९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाने बाजार, स्वच्छता व कत्तलखाने हे विषय ग्रामपंचायतीच्या कार्यकक्षेत ठेवले आहेत. पुष्कळ गावांत मात्र बोकड रस्त्याच्या कडेला, ओढ्याकाठी किंवा दुकानाच्या मागील मातीत कापला जातो. तेथे मोठ्या इमारतीची गरज नसते. उतार दिलेला सिमेंटचा ओटा, धड टांगण्यासाठी लोखंडी आकडा, पाण्याची टाकी, जाळीचे कुंपण व रक्त-आतड्यांसाठी झाकणाचा खड्डा, इतक्या सोयींनी फार मोठा फरक पडतो. जागा पाणवठ्यापासून व शाळेपासून दूर असावी आणि मोकाट कुत्र्यांना तेथे प्रवेश नसावा.

२००६ चा अन्न सुरक्षा व मानके अधिनियम ऑगस्ट २०११ पासून अमलात आला. त्याखाली मटण व चिकन विकणाऱ्या लहान दुकानदारालाही नोंदणी करावी लागते. पुष्कळ खाटीक बांधवांना अर्जाची माहिती नसते. ग्रामपंचायत कार्यालयाने व संगणक केंद्राने त्यांना अर्ज भरून दिला तर कायदा व धंदा दोन्हींची सोय होईल. नोंदणी, दरपत्रक व मुद्रांकित वजने दुकानात दर्शनी लावण्याचा आग्रह ग्रामसभेने धरावा.

पुरवठ्याची बाजूही पंचायतीला बळकट करता येते. पीपीआर व आंत्रविषार या रोगांवरील लसीकरणाची शिबिरे वेळेवर भरविली तर करडांची मरतूक घटते. शिवारात शेवरी, हादगा व सुबाभूळ लावल्यास चारा वाढतो. पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळाचे प्रक्षेत्र याच जिल्ह्यात तुळजापूर तालुक्यातील तीर्थ येथे आहे. जातिवंत बोकड व मार्गदर्शन यांसाठी तेथे चौकशी करावी. उदगीर व परभणी येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयांचा सल्लाही या भागास सोयीचा आहे. गावात दर वर्षी जगणारी करडे वाढली तर एखादा बोकड शहराऐवजी गावातल्या वाट्यांसाठी राखणे शेळीपालकालाही परवडू शकेल.

शिक्षकांचा वाटाही लहान नाही. जिवंत वजन, मटणाचा उतारा, हाडांचा हिस्सा व दहा ग्रॅम प्रथिनांचा खर्च ही शेकडेवारीची उत्तम उदाहरणे आहेत. सातवी-आठवीच्या विद्यार्थ्यांनी आपल्या बाजारातील दर फळ्यावर मांडून हा हिशेब केला तर तो त्यांच्या घरी आपोआप पोचेल. जी कुटुंबे मांसाहार करीत नाहीत, त्यांच्या मुलांनी डाळ, दूध व शेंगदाणे यांचा तसाच हिशेब करावा.

मटणाचा दर ठरविणे कोणत्याही एका गावाच्या हाती नाही. परंतु बोकड वजनावर घेणे, निरोगी जनावर ओळखणे, स्वच्छ ओट्यावर कापणे, काळजा-वजडीसह सर्व भागांचे सारखे वाटे घालणे आणि घरातील ताटांत त्याची न्याय्य वाटणी करणे, या पाच गोष्टी गावाच्या व घराच्या हाती आहेत. उस्मानाबादी शेळी सांभाळणाऱ्या माउलीच्या व तिच्या मुलांच्या ताटात त्या शेळीच्या मटणाची एक तरी फोड पडावी, एवढे त्यांतून साधले तरी पुष्कळ आहे.